एल्कसाठी मॅग्नम घ्यायची आहे: ७ रेम मॅग, .३०० विन मॅग की नवी पीआरसी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्व्हरला स्थायिक होऊन सहा वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे, दोन वर्षं .३०८ विंचेस्टर चालवताय, दोन हरणं मारलीत. आता एल्कसाठी मॅग्नम रायफल घ्यायची आहे आणि तिनेच शनिवार-रविवारी हजार यार्डांवरच्या लोखंडी पाट्याही मारायच्या आहेत. दुकानदार .३०० विन मॅग म्हणतो, मित्र .३०० पीआरसी म्हणतो, व्हिडिओवाले ७ पीआरसी म्हणतात आणि मनात कुठेतरी .३३८ लापुआ आहे. (ही सगळी काडतुसांची नावं. आकडा म्हणजे गोळीचा अंदाजे व्यास, .३०० सारखा असेल तर इंचांत, ७ किंवा ६.५ असेल तर मिलिमीटरमध्ये. 'विन मॅग' म्हणजे विंचेस्टर मॅग्नम, 'पीआरसी' म्हणजे प्रिसिजन रायफल कार्ट्रिज.)

उत्तर आधी देतो, कारणं मागून. शिकारीसाठी ७ पीआरसी घ्या. चांगल्या स्थितीतली ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम स्वस्तात मिळाली तर ती घ्या, पश्चात्ताप होणार नाही. .३०० विन मॅग तुमचा खांदा सोसत असेल तरच. .३३८ लापुआ नको. आणि शनिवारच्या पाट्यांसाठी मॅग्नम नकोच, तुमची .३०८ पुरे, किंवा पुढेमागे ६.५ क्रीडमूर हे सौम्य काडतूस.

मी कोलोरॅडोत अठरा हंगाम एल्कच्या मागे फिरलोय. पहिले चार हंगाम .३०० विन मॅग, नंतर ७ रेम मॅग, अलीकडे ७ पीआरसी. खाली जे लिहितोय ते त्यातलंच.

आधी एल्क काय चीज आहे ते. आपल्याकडच्या सांबराच्या कुळातलं जनावर, पण मोठा नर सातशे पौंडांपर्यंत जातो, म्हणजे तीनशे किलोच्या वर. फासळ्या जाड, खांद्याचं हाड भक्कम, आणि फुफ्फुसाला गोळी लागल्यावरही शे-दीडशे यार्ड पळण्याची ताकद. म्हणून गोळी नुसती पोचून भागत नाही. ती आत जाऊन फुलली पाहिजे आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडली पाहिजे, म्हणजे रक्ताचा माग राहतो. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ इंच व्यासाची, किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप) आणि शंभर यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जेची गोळी मागतो. हा कायद्याचा उंबरठा झाला. शहाणपणाचा उंबरठा त्याच्या बराच वर आहे.

आता या काडतुसांची घराणी. 'मॅग्नम' शब्दाला ठरलेला अर्थ नाही. त्याच व्यासाच्या नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त दारू मावते, एवढंच तो सांगतो. पण बुडाशी पट्टा असलेल्या मॅग्नमांचं मूळ एकच आहे: १९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने आणलेलं .३७५. त्या काडतुसाचा खांदा, म्हणजे ते मानेकडे निमुळतं होतं ती जागा, इतका उतरता होता की चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) ते नेमकं किती खोल बसावं हे खांदा ठरवू शकत नव्हता. म्हणून बुडाजवळ पितळेचा पट्टा दिला. त्यांचंच .३०० १९२५ साली आलं, आणि १९३५ साली बेन कम्फर्ट या नेमबाजाने ते वापरून ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या नेमबाजी मैदानावर हजार यार्डांचा विम्बल्डन कप जिंकला. लांब पल्ल्याला मॅग्नम, ही समजूत अमेरिकेत तिथून रुजली. रॉय वेदरबीचं .३०० १९४४ चं. रेमिंग्टनने १९६२ साली मॉडेल ७०० रायफलीसोबत ७ एमएम आणलं, १९६३ साली विंचेस्टरचं .३०० आलं. या दोघांचे खांदे नीट टोकदार आहेत, पट्ट्याची त्यांना काही गरज नव्हती. पण तोवर 'मॅग्नम म्हणजे पट्टा' हे ग्राहकाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून पट्टा राहिला.

हा पट्टा नुसता शोभेचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. काडतुसं घरी भरायची असतील तर तो त्रास देतो. चेंबर कापताना कारखाने पट्ट्याचं माप काटेकोर ठेवतात आणि खांद्यापाशी मोकळी जागा सोडतात. पहिल्या बाराला पितळ पुढे ताणलं जातं. मग आपण साच्यात घालून खांदा पार मागे दाबतो, पुढच्या बाराला ते पुन्हा ताणलं जातं. हे ताणणं नेमकं पट्ट्याच्या थोडं वर होतं. एका संध्याकाळी माझ्या टेबलावर .३०० विन मॅगच्या चाळीस रिकाम्या केस (काडतुसाची पितळी नळकांडी) होत्या, चौथ्यांदा भरायला घेतलेल्या. दिव्याखाली फिरवताना एकीवर पट्ट्याच्या वर धाग्यासारखी बारीक चकचकीत रेघ दिसली. कागदाची टाचणी सरळ करून तिचं टोक जरा वाकवलं, केसच्या तोंडातून आत घातलं आणि भिंतीवर हळूच घासत वर ओढलं. रेघेच्या जागी टोक खट्टकन अडकलं. आतून खाच पडली होती. ती केस आणखी एकदा उडवली असती तर चेंबरमध्ये तिचे दोन तुकडे झाले असते आणि गरम वायू बोल्टमधून तोंडाकडे आला असता. चाळीसपैकी अकरा केस मी त्या रात्री पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या. तेव्हापासून खांदा फक्त दोन हजारांश इंच मागे ढकलतो. काडतूस पट्ट्यावर नाही, खांद्यावर बसवायचं, की पितळ दुप्पट टिकतं. कारखान्याची तयार काडतुसंच वापरणार असाल तर ही काळजी सोडून द्या.

पीआरसी घराण्यात पट्टा नाही. ६.५ आणि .३०० या दोन्ही हॉर्नडीच्या, २०१८ च्या, आणि ७ पीआरसी २०२२ ची. त्यांचं खरं वेगळेपण पट्ट्यात नाही, लांब गोळीची आधीपासून सोय करून ठेवण्यात आहे. हे नीट समजून घ्या, कारण निवड इथेच ठरते.

हवा कापत लांब जायचं तर गोळी त्याच व्यासात लांब आणि टोकदार हवी. लांब गोळीला सरळ ठेवायला नळीतल्या खाचांचा पीळ (किती इंचांत गोळी एक फेरा घेते) जास्त घट्ट लागतो. १९६२ च्या ७ रेम मॅगच्या कारखानी नळ्यांचा पीळ नऊ ते साडेनऊ इंचांत एक फेरा असा, कारण तेव्हाच्या गोळ्या १५०-१७५ ग्रेनच्या आणि आखूड होत्या. आजची १८० ग्रेनची सुईसारखी गोळी साडेनऊच्या पिळात नीट स्थिरावेलच असं नाही. शिवाय काडतुसाची एकूण लांबी ३.२९ इंचांवर बांधलेली, त्यामुळे लांब गोळी केसमध्ये खोल घुसते आणि दारूची जागा खाते. .३०० विन मॅगचं तेच रडगाणं, वर तिची मान आखूड. ७ पीआरसीला पहिल्या दिवसापासून आठ इंचांचा पीळ आहे आणि केस आखूड ठेवून गोळीला पुढे जागा सोडली आहे. म्हणजे दुकानातून आणलेली साधी रायफल आणि साधा डबा यांचंही जमतं. ७ रेम मॅग घेताना नळीवर पीळ काय कोरलाय ते वाचा. नऊ असेल तर १६२ ग्रेनपर्यंत निश्चिंत राहा, आणि एल्कला तेवढी पुरते.

आता आकडे. कारखानी शिकारी काडतुसांचे छापील वेग घेऊन मी केलेला हा हिशोब आहे, हवा समुद्रसपाटीची, अंतर ५०० यार्ड, म्हणजे ४५७ मीटर. ६.५ पीआरसी, १४३ ग्रेन, नळीतून सेकंदाला २,९६० फूट: पोचताना ऊर्जा १,६०० फूट-पौंडांच्या आसपास. ७ रेम मॅग, १६२ ग्रेन, २,९४० फूट: सुमारे १,८००. .३०० विन मॅग, २०० ग्रेन, २,८५० फूट: २,००० च्या जवळ. ७ पीआरसी, १७५ ग्रेन, ३,००० फूट: सुमारे २,१००. .३०० पीआरसी, २१२ ग्रेन, २,८६० फूट: २,३०० च्या जवळ. एल्कसाठी पंधराशे फूट-पौंड असा जुन्या शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे. मी तो शास्त्र म्हणून मानत नाही, पण मार्गदर्शक म्हणून बरा आहे. गोळी फुलायला साधारण १,८०० फुटांचा वेग लागतो, आणि या पाचही गोळ्या ५०० यार्डांवर त्याच्या वर असतात.

ऊर्जेपेक्षा मला वाऱ्याचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर ७ पीआरसीची गोळी सुमारे साडेअकरा इंच सरकवतो, .३०० पीआरसीची साडेबारा, ७ रेम मॅग आणि ६.५ पीआरसीची तेरा-साडेतेरा, .३०० विन मॅगची साडेचौदा. पहिल्या आणि शेवटच्या काडतुसात तीन इंचांचा फरक. आणि वारा १० मैलांचा आहे असं तुम्हाला वाटलं, पण खोऱ्याच्या मधोमध तो १४ मैलांचा असेल, तर एकाच काडतुसाचा नेम पाचेक इंचांनी चुकतो. म्हणजे तुमच्या अंदाजातल्या चुकीपुढे काडतुसांमधला फरक कमीच आहे. इंटरनेटवर ज्या तीन इंचांवरून भांडणं होतात, ते इंच डोंगरात उभं राहून गवताची पाती, देवदारांचे शेंडे आणि दुर्बिणीतली झळाळ वाचायला शिकल्यावर केव्हाच भरून निघतात.

गोळी खाली किती पडते याची चिंता करू नका. २०० यार्डांवर नेम बांधला तर ५०० ला यातली कुठलीही गोळी तीस ते चाळीस इंच पडते, पण ते गणित पक्कं असतं. अंतरमापक अंतर सांगतो, दुर्बिणीवर तेवढे क्लिक फिरवायचे. वाऱ्याला मात्र मापक नाही. तुमच्या हातातलं यंत्र तुमच्या पायाखालचा वारा सांगतं, खोऱ्यापलीकडचा नाही. उंचीचा फायदा मात्र आहे. साडेनऊ हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपट दाट असते, म्हणून गोळी कमी पडते, कमी सरकते आणि जोर टिकवते. गोळीचा मार्ग सांगणाऱ्या ॲपमध्ये डेन्व्हरच्या रेंजवरचा हवेचा दाब टाकून वर डोंगरात नेम धरू नका.

आता धक्का. माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय इथे व्हायला हवा. दुर्बिणीसकट साडेआठ पौंडांची रायफल धरून हिशोब केला तर ६.५ पीआरसी सोळाच्या आसपास फूट-पौंडांचा धक्का देते, ७ रेम मॅग वीस, ७ पीआरसी चोवीस, .३०० विन मॅग अठ्ठावीस, .३०० पीआरसी एकतीस. तुमची .३०८ याच वजनात पंधरा-सोळाच्या घरात आहे. डोंगर चढायला हलकी हवी म्हणून सात पौंडांची .३०० विन मॅग घेतलीत तर आकडा चौतीसवर जातो.

माझी पहिली .३०० अशीच सात पौंडांची होती. चौथ्या हंगामात ऑक्टोबरच्या एका सकाळी ३१० यार्डांवर एक मादी आडवी उभी होती. वारा नव्हता, पाठपिशवीवर रायफल टेकलेली होती, घाई नव्हती. गोळी फासळ्यांच्या मागे, पोटात लागली. अस्पेनच्या झाडीत चार तास माग काढत होतो. पिवळ्या पानांवर रक्ताचे थेंब वीस-वीस पावलांवर, मग तेही नाहीत. सापडली तेव्हा ती जिवंत होती. ते चार तास तिने काय सोसलं ते मी विसरलेलो नाही आणि विसरू इच्छित नाही.

पुढच्या आठवड्यात रेंजवर एका जाणत्या मित्राने माझी रायफल घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि हातात दिली. पाच वेळा असंच. त्यातल्या दोन वेळा त्याने दारू नसलेलं डमी काडतूस घातलं होतं. त्या दोन्ही वेळा चाप सुटला, बार झाला नाही, आणि नळीचं तोंड सरळ खाली-डावीकडे डचकलं. माझे डोळे मिटले होते हे मला त्याने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. शरीर धक्क्याची वाट बघत आधीच आक्रसत होतं. खऱ्या बारात हे कधीच दिसत नाही, कारण धक्का ते झाकून टाकतो.

रायफल विकली, ७ रेम मॅग घेतली आणि सबंध उन्हाळा .२२ वर काढला. मी कोल्हापूरचा. शाळेत एनसीसीच्या .२२ रायफलीवर पालथं पडून जे शिकलो होतो, ते चाळिशीत पुन्हा शिकलो: अर्धा श्वास सोडून थांबायचं, चाप बोटाच्या पेरावर सारखा दाबत जायचा आणि बार कधी होईल याची वाट बघायची नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं तेही .२२ वरच. तिला धक्का जवळजवळ नाही, म्हणूनच त्यावर चाप शिकता येतो. तुम्ही जी मॅग्नम घ्याल तिच्या एका डब्यामागे .२२ चे दहा डबे उडवा, आणि महिन्यातून एकदा कुणाकडून तरी डमी मिसळून घ्या.

नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावून धक्का खूप कमी होतो हे खरं. पण त्याचा आवाज मागे फेकला जातो, शिकारीत सोबत्याच्या कानांचं वाटोळं होतं. लावणार असाल तर दोघांनीही इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक घातल्याशिवाय चापावर बोट नको. सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, कोलोरॅडोत शिकारीला चालतो, त्याची संघीय कागदपत्रं करावी लागतात. परवडत असेल तर तोच उत्तम.

तुमच्या यादीतल्या .३३८ लापुआबद्दल. १९८० च्या दशकात लष्करी स्नायपरसाठी घडवलेलं काडतूस आहे ते, आणि त्या कामात त्याला तोड नाही. ब्रिटिश सैनिक क्रेग हॅरिसनने २००९ साली अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये २,४७५ मीटरवर नेम साधला तो याच काडतुसाने. पण ती रायफल बारा-पंधरा पौंडांची होते, एका बाराला पाच डॉलरच्या वर मोजावे लागतात, आणि एल्क ४०० यार्डांवर असताना तिचा एकही गुण कामी येत नाही. डोंगर चढताना मात्र प्रत्येक पौंड जाणवतो.

.३०० विन मॅगवर मी अन्याय करतोय असं वाटू नये. अलास्कात मूस आणि अस्वलाच्या मुलखात जायचं ठरलं तर मी तीच उचलीन, नऊ पौंडांची. २०० ग्रेनची गोळी मोठ्या हाडातून जाते. आणि तिचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे: हजार वस्तीच्या गावातल्या अवजारांच्या दुकानातही तिचा डबा मिळतो. विमानात तुमची काडतुसांची पेटी हरवली तर ७ पीआरसीवाला हात चोळत बसेल. ७ रेम मॅगचंही तसंच, साठ वर्षांत ती सगळीकडे पोचली आहे.

हजार यार्डांच्या पाट्यांसाठी मॅग्नम का नको? नळीचं आयुष्य. एवढी दारू एवढ्याशा भोकातून जाते तेव्हा नळीतल्या खाचांची सुरुवात जळत जाते. मॅग्नम नळी हजार-दीड हजार बारांत उतरणीला लागते, .३०८ ची त्याच्या कैक पट चालते. शनिवारी साठ बार उडवलेत तर सहा महिन्यांत शिकारीची नळी संपवाल. एफ-क्लास ओपन या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकाराचे हजार यार्डवाले नेमबाजही बहुतेक ७ एमएमच वापरतात, पण .२८४ विंचेस्टरसारखं सौम्य काडतूस, कारण एका दिवसात साठ-सत्तर बार खांद्याने सोसायचे असतात.

दोन कायदेशीर गोष्टी, कारण आपल्या लोकांत यावर गैरसमज फार. ग्रीन कार्डवर तुम्हाला अडचण नाही. पण एच-वनबीवर असलेला तुमचा भाऊ सोबत येणार म्हणालात: अशा व्हिसावर अमेरिकी संघीय कायदा बंदूक जवळ बाळगू देत नाही, वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. परवाना खिशात आल्याशिवाय रेंजवरही त्याच्या हातात रायफल देऊ नका, आणि आधी वकिलाला विचारा. दुसरं, १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, आणि रायफल हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी, शिवाय डोक्यावर त्याच रंगाची टोपी. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद आहे, त्यामुळे हे शिक्षण आपल्याला घरातून मिळालेलं नसतं. तो वर्ग मन लावून करा.

कॅलिफोर्नियातल्या मित्राकडे शिकारीला गेलात तर तिथे जुलै २०१९ पासून शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची गोळी त्याच वजनात लांब असते आणि फुलायला जास्त वेग मागते. तिच्यासाठी १६० ग्रेन आणि आठचा पीळ, म्हणजे पुन्हा ७ पीआरसीच.

रायफल घेतल्यावर हे करा. नऊ इंचांची कागदी ताटली लावा. बाकावरून नाही, पाठपिशवीवर टेकून, शंभर पावलं पळून आल्यावर, थंड नळीतून एकच बार. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे दहा दिवस, अंतर वाढवत. दहापैकी नऊ बार ज्या अंतरावर ताटलीत बसतात ते तुमचं अंतर. माझं, वारा ताशी पाच मैलांच्या आत असेल तर, ४२५ यार्ड आहे. गेल्या हंगामात ५१० वर एक देखणा नर पंधरा मिनिटं उभा होता, आणि ७ पीआरसी तिथे आरामात पोचली असती. मी ओढ्याच्या आडोशाने खाली उतरलो. ३४० पर्यंत गेलो तेव्हा वारा फिरला आणि तो रानात निघून गेला.